नावाची सहा अक्षरं

पोरी, मीरा रोडला शिवणाचं दुकान टाकलंस, आता गिऱ्हाइकांना मेसेज पाठवायचे म्हणतेस. मग आधी दुकानाचं नाव नोंदव. अनोळखी दहा आकडी नंबरावरून आलेल्या मेसेजवर हल्ली कुणी विश्वास ठेवत नाही, आणि ते बरोबरच आहे. ऑक्टोबर 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी आपल्या मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर धाडी घातल्या. इथे बसून, अमेरिकेच्या कर खात्याचे अधिकारी आहोत असं सांगून तिकडच्या लोकांना लुबाडलं जात होतं. त्या बदनामीचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून सांगते, मेसेजवर आपलं खरं नाव असू दे.

नोंदणी मोबाइल कंपनीच्या, व्यावसायिक मेसेजसाठी असलेल्या डीएलटी पोर्टलवर होते. दूरसंचार नियामक ट्रायच्या 2018 च्या नियमांनी ती सक्तीची झाली. पॅन आणि दुकानाचा गुमास्ता परवाना तयार ठेव. एजंट म्हणेल, "ताई, सगळं मी करतो." फॉर्म भरू दे त्याला, पण लॉगिनचा मोबाइल आणि ईमेल तुझाच हवा. उद्या एजंट बदललास तर नाव त्याच्याकडे अडकून राहायला नको.

नाव सहा इंग्रजी अक्षरांचं. तुझ्या दुकानासारखी 'साईकृपा' तर गल्लोगल्ली आहेत, आणि एकाला मिळालेलं नाव दुसऱ्याला मिळत नाही. म्हणून 'साई'ला मीरा रोड जोडून एस-ए-आय-एम-आर-डी असं काही माग. दुकानाशी नातं नसलेलं नाव नामंजूर होतं. मिळालेल्या नावाआधी दोन अक्षरं आपोआप लागतात, एक मोबाइल कंपनीचं, एक टेलिकॉम परिमंडळाचं. 2025 च्या दुरुस्तीनंतर शेवटीही एक खूण येते: सेवेला एस, जाहिरातीला पी.

ही खूण नीट सांभाळ. "ब्लाउज तयार आहे" ही सेवा. त्याच्याच शेपटाला "साडी फॉलवर सूट" जोडलंस की ती जाहिरात झाली. दोन्हींचे मजकूर वेगळे मंजूर करून घे, आणि मंजूर झालेल्या मजकुरात एक शब्दही बदलू नकोस. 8 मार्च 2021 ला मेसेज मंजूर मजकुराशी ताडून बघायला सुरुवात झाली आणि देशभर बँकांचे ओटीपी अडकले. शेवटी ट्रायला ती अंमलबजावणी आठवडाभर थांबवावी लागली. बँकांची ही गत, तर आपलं काय!

मराठीतच लिही, पण थोडक्यात. इंग्रजी मेसेजला 160 अक्षरं मिळतात, मराठीला 70, आणि काना-मात्रा-वेलांटी वेगवेगळी मोजली जाते. वर गेलीस की दोन मेसेजचे पैसे. अशा नावावर गिऱ्हाइकाला उत्तर पाठवता येत नाही, म्हणून दुकानाचा नंबर मजकुरातच घाल आणि तोही मंजूर करून घे. लिंक टाळलेलीच बरी. ऑक्टोबर 2024 पासून नोंद नसलेली लिंक असली की मेसेज जातच नाही.

मंजुरीला वेळ लागतो. दिवाळीची शिलाई सुरू व्हायच्या आत अर्ज भरून टाक.