गोल जातो, चौकोन अडतो

गेवराईच्या एका आईचा प्रश्न : दीड वर्षाची लेक लाकडी खोक्यात गोल ठोकळा बरोबर टाकते, चौकोन मात्र भिरकावते. ती मागे पडतेय का?

अजिबात नाही. गोल कसाही धरला तरी जातो. चौकोनाचे कोपरे जुळवायला पाव फेरीपर्यंत, तर समभुज त्रिकोणाला त्याहून जास्त वळवावं लागू शकतं. मनगटाला हे हळूहळूच जमतं. तोवर एकच भोक उघडं ठेवावं.

महागडा संच हवाच असं नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीत ग्रामीण बालशिक्षण सुरू केलं, ते परिसरातल्या साध्या वस्तूंच्या आधारे. शेर, मापटं, चिपटं एकात एक घालणं हाही तोच अभ्यास. बाजरी सांडेल, एवढंच.

कारखान्यातलं खेळणं घेतल्यास आयएसआय चिन्ह पाहावं. १ जानेवारी २०२१ पासून ते सक्तीचं आहे. तोंडात मावेल असा ठोकळा नको.