घरातील अडगळ आणि तिची वासलात

भारतातील घरांची बांधणी प्रांतोप्रांती भिन्न असली, तरी एक जागा त्यांपैकी बहुतेकांत आढळते. छताखाली, हात सहजी पोहोचणार नाही अशा उंचीवर केलेली ही जागा मराठीत माळा, गुजरातीत माळियुं, हिंदी प्रदेशात दुछत्ती आणि तमिळ घरात परण या नावाने ओळखली जाते. वर्षाकाठी एकदोनदाच लागणारे सामान तेथे ठेवावे, हा तिचा मूळ हेतू. लग्नकार्यातील मोठी पातेली, पाहुण्यांच्या गाद्या, तमिळ घरात नवरात्रातील कोलूच्या बाहुल्या, असे ते सामान. प्रत्यक्षात मात्र ज्या वस्तूंचे काय करावे हे कोणी ठरविलेले नसते, त्याच तेथे जाऊन बसतात. तरीही घर आवरावयाचे म्हणून पहिल्याच दिवशी शिडी लावून माळ्यावर चढणे ही चूक होय. तिचे कारण पुढे येईल.

आपल्या लोकांना काहीच टाकवत नाही, असे नेहमी म्हटले जाते. हे निदान अपुरे आहे. पूर्वीच्या घरात वस्तू थोड्या असत आणि जुनी झालेली प्रत्येक वस्तू बाहेर पडण्याची वाट ठरलेली असे. विरलेल्या सुती साड्यांचे थर टाचून बंगालमध्ये कांथा, बिहारमध्ये सुजनी व महाराष्ट्रात गोधडी होई. फुटक्या पितळी भांड्याची मोड देऊन नवे भांडे घेता येई. बोहारीण दाराशी बसून कपड्यांच्या बदल्यात भांडे देई, आणि ही घासाघीस दुपारभर चाले. या व्यवहाराचे जाळे किती दूरवर पसरलेले आहे, याची घरातील माणसांना क्वचितच कल्पना असते. दिल्लीच्या रघुबीर नगरात अशा गोळा केलेल्या कपड्यांचा बाजार पहाटेच भरतो. पानिपतचे कारखाने जुन्या लोकरी कपड्यांपासून पुन्हा सूत काढून ब्लँकेटे विणतात. परंतु नायलॉनची साडी घाम शोषीत नाही, तेव्हा तिची गोधडी अंगाला सुखाची होत नाही. कल्हईवाला दुर्मीळ झाल्यामुळे पितळेची भांडी स्वयंपाकातून उठून वर गेली. उंच इमारतीच्या फाटकावरचा पहारेकरी बोहारणीला आत सोडीत नाही. येणाऱ्या वस्तू वाढल्या आणि जाणाऱ्या वाटा बुजल्या, हे खरे दुखणे आहे.

जपानच्या मारी कोंडो यांचे घर आवरण्याविषयीचे पुस्तक २०१४ साली इंग्रजीत आले आणि देशोदेशी वाचले गेले. वस्तू हाती घ्यावी, तिने मन उल्हसित होत असेल तर ठेवावी, एरवी आभार मानून निरोप द्यावा, ही त्यांची कसोटी. एकट्याने राहणाऱ्यास ती उपयोगी पडेल. तीन पिढ्या एका छपराखाली नांदतात, तेथे उल्हास कोणाच्या मनाला व्हावयाचा?

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातील प्रसंग येथे सांगण्याजोगा आहे. घर कानपूरचे. दादी बद्रीनाथच्या यात्रेस गेली असता मुलाने व सुनेने दुछत्ती रिकामी केली. हेतू वाईट नव्हता. नातवंडांची पुस्तके ठेवावयास जागा हवी होती. त्यात पितळेचा एक मोठा हंडा वजनावर कबाडीवाल्याकडे गेला. लग्नात मिळालेल्या भांड्यावर देणाराचे नाव घालून घेण्याची चाल आपल्याकडे अनेक प्रांतांत आहे. या हंड्याच्या काठावर दादीच्या बहिणीचे नाव होते, आणि ती बहीण ऐन तारुण्यात वारली होती. यात्रेहून परतल्यावर तिसऱ्या दिवशी दादीच्या ते ध्यानात आले. “अम्माजी, तो आपण वापरतच नव्हतो,” सून म्हणाली. “वापरत नव्हते. पण होता,” एवढेच दादी बोलली. त्या दिवसापासून तिने आपल्या लोखंडी पेटीला कुलूप घातले, आणि पुढे कित्येक वर्षे त्या घरातून रिकामी बाटलीसुद्धा तिच्या नजरेखालून गेल्यावाचून बाहेर पडली नाही.

म्हणून आरंभ अशा ठिकाणी करावा, की जेथील वस्तूंच्या मालकीविषयी वाद नाही. औषधांचा खण किंवा मसाल्याच्या डब्यांची फळी यासाठी उत्तम. फळी पूर्ण रिकामी करावी, पुसावी, आणि मगच एकेक वस्तू परत ठेवावी. मागच्या वस्तू पुढे सारणे म्हणजे आवरणे नव्हे. रोज लागणाऱ्या वस्तूंची जागा कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीत असावी, जड वस्तूंची खाली. दुरुस्तीला म्हणून बाजूला काढलेल्या वस्तूवर तारीख घालावी. महिन्याभरात दुरुस्ती झाली नाही, तर ती व्हावयाची नाही असे समजावे. द्यावयाच्या वस्तू कोणास द्यावयाच्या ते आधीच ठरवावे. नुसते ‘कोणाला तरी देऊ’ असे म्हणून बांधलेले गाठोडे आठवड्याच्या आत पुन्हा कपाटात शिरते, हा अनुभव बहुतेकांचा असेल.

कपडे आणि कागद यांच्याकडे अधिक लक्ष पुरवावे लागते. कसर खळीवर जगते. तेव्हा खळ घातलेले कापड दीर्घकाळ ठेवावयाचे झाल्यास आधी धुऊन खळ काढून टाकावी. रेशमी साडी मलमलीत गुंडाळावी व काही महिन्यांनी घडी बदलावी, नाहीतर ती घडीवरच विरते. पेटी जमिनीला न टेकविता विटांवर ठेवावी, म्हणजे ओल चढत नाही आणि वाळवी लागलीच तर लवकर दिसते. खरेदीखते, जन्माचे दाखले, पदव्यांची प्रमाणपत्रे एका डब्यात ठेवून झाकणाच्या आतल्या बाजूस यादी चिकटवावी. डबा कोठे आहे हे घरातील निदान दोघांना ठाऊक असावे.

निरुपयोगी ठरलेले सारे जाळून मोकळे होण्याचीही एक रीत आहे. तमिळनाडू व आंध्रात पोंगल-संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, पहाटे जुन्या वस्तूंची होळी करतात. (आपल्याकडील भोगी निराळी, तिचा संबंध मिसळीच्या भाजीशी व तिळाच्या भाकरीशी.) चटया, टोपल्या, केरसुण्या जळत होत्या तोवर यात फारसे बिघडत नव्हते. पुढे टायर आणि प्लॅस्टिक त्या आगीत पडू लागले. २०१८ च्या भोगीला चेन्नईवर धुराचे असे पटल पसरले, की तेथील विमानांची ये-जा विस्कळीत झाली. घरातून गेलेली वस्तू शहरातून गेलेली नसते.

माळा सर्वांत शेवटी काढावा. ज्यांच्या वस्तू असतील त्या वडीलधाऱ्या माणसास खाली खुर्चीवर बसवावे व एकेक वस्तू उतरवून त्यांच्या पुढ्यात ठेवावी. भांड्यावरील नाव वाचून दाखवावे, ते कोणाचे हे विचारावे आणि वहीत टिपून घ्यावे. यात वेळ जातो. एका दुपारी तीनच वस्तू हातावेगळ्या झाल्या, तरी कुरकुर करू नये. ज्या वस्तू पुन्हा वर ठेवावयाच्या त्यांच्या गाठोड्यास आत काय आहे व कोणाचे आहे याची चिठ्ठी बांधावी. ती शाईपेक्षा शिशाच्या पेन्सिलीने लिहावी. ओलीने शाई पसरते.