कार्यशाळेतला मोबाइल

प्रश्न : माझी मुलगी लग्नानंतर इंग्लंडला, लेस्टरला गेली. इथे ती अकरावी-बारावीला संगणक शिकवायची. तिथल्या एका ‘फर्दर एज्युकेशन’ कॉलेजात ‘लर्निंग टेक्नॉलॉजिस्ट’ची जागा निघाली आहे. हे काम शिक्षकाचं की कॉम्प्युटर दुरुस्तीचं? त्यात पुढे वाव आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : शिक्षकाच्या कामाला ते जास्त जवळचं आहे. प्रिंटर अडला तर तो बघायला तिथे वेगळी माणसं असतात.

आधी कॉलेज कसलं ते सांगतो. सोळाव्या वर्षी शाळा सुटली की प्लंबिंग, गवंडीकाम, केस कापणं, स्वयंपाक, बालसंगोपन असलं हाताला काम देणारं शिक्षण घ्यायला मुलं तिथे येतात. मोठ्या वयात इंग्रजी शिकणारेही येतात. आपल्या आयटीआयची आठवण यावी, पण पसारा बराच मोठा.

आता प्लंबिंगच्या कार्यशाळेत जाऊ. मास्तर तांब्याच्या नळीच्या सांध्याला डाख देऊन दाखवतात. भोवती पंधरा पोरं. मागच्याला ज्योत कुठे धरली तेच दिसत नाही. त्याच कृतीची दीड मिनिटाची चित्रफीत करून तिचा क्यूआर कोड बाकावर चिकटवला, की तो पोरगा फोनवर ती चार वेळा बघतो. मग स्वतः सांधा करतो, फोटो काढून ई-पोर्टफोलिओत टाकतो आणि तपासनीस तो पुरावा म्हणून पाहतात. कॅमेरा मास्तरांच्या खांद्यावरून धरायचा की समोरून, फाइल किती लहान ठेवली तर पोराचा डेटा संपणार नाही, हे ठरवणं तुमच्या मुलीचं काम. कार्यशाळेत आवाज इतका, की खाली मजकूर नसेल तर चित्रफीत वाया. शिवाय 2018च्या सुगम्यता नियमांमुळे ही उपशीर्षकं तिथल्या कॉलेजांना बंधनकारकही झाली आहेत.

मोबाइलवरून शिकवण्याची ही कल्पना जुनी आहे. 2001 ते 2004 या काळात युरोपीय आयोगाच्या पैशातून ब्रिटन, इटली आणि स्वीडनमध्ये शिक्षणापासून तुटलेल्या तरुणांसाठी मोबाइलचा प्रयोग झाला. मग 2007 ते 2010 ‘मोलनेट’ हा तसाच उपक्रम आला. इंग्लंडमधली शंभरावर कॉलेजं त्यात होती. पीडीए, सोनीचा पीएसपी, आयपॉड टच अशी यंत्रं तेव्हा वर्गात फिरली. त्यातली बहुतेक आज अडगळीत असतील, पण मागे उभ्या पोराला दिसत नाही ही अडचण आजही तिथेच आहे. म्हणूनच या कामाला वाव आहे, असं मी ठामपणे म्हणतो.

मुलीला मूडल यायला हवं. 2002मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मार्टिन डुगियामस यांनी आणलेली ही ऑनलाइन धडे चालवायची मोफत प्रणाली आजही असंख्य कॉलेजांत चालते. पुढे ‘असोसिएशन फॉर लर्निंग टेक्नॉलॉजी’ या 1993च्या संस्थेचं ‘सीमाल्ट’ प्रमाणपत्र घेता येतं. त्यासाठी लेखी परीक्षा नसते, केलेल्या कामाची वही मांडावी लागते.

सगळ्यात वेळ खातं ते मात्र माणसांशी बोलणं. वीस वर्षं गवंडीकाम शिकवलेल्या मास्तरांना ‘तुमचा धडा जुना झाला’ असं कुणी सुचवलं तर ते दार लावून घेतील, आणि ते बरोबरच आहे. त्यांच्या शेजारी बसून ‘पोरं कुठे अडतात?’ एवढं विचारावं, तिथून सुरुवात होते. तुमची मुलगी शिकवत होती, म्हणून तिला हे जमेल असं मला वाटतं.

मुलाखतीला जाताना तिने फोनवर केलेला एक छोटा धडा बरोबर न्यावा. पोळी लाटण्याचा असला तरी चालेल, फक्त लाटणं धरलेली बोटं त्यात नीट दिसू देत.