शेतावरील पाहुण्यांच्या खोल्या

शेतावर पाहुण्यांची सोय करणे हा महाराष्ट्र शासनाच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाने उत्तेजन दिलेला जोडधंदा होय. हॉटेलांतील खोल्यांच्या व्यवस्थेचे काही नियम येथेही उपयोगी पडतात.

वर्गवारी : एकट्याची, एका रुंद पलंगाची, दोन स्वतंत्र खाटांची व कुटुंबाची, असे खोल्यांचे प्रकार करावेत. दर त्यानुसार ठरवावा. पाहुण्यांस कोणती खोली हवी, हे आगाऊ विचारून घ्यावे.

साहित्य : प्रत्येक खाटेमागे चादर, अभ्रा व टॉवेल यांचे किमान तीन संच असावेत, एक वापरात, एक धुण्यात व एक कपाटात. पावसाळ्यात कपडे लवकर वाळत नाहीत, म्हणून त्या दिवसांत चौथा संच ठेवावा.

देखभाल : वहीत प्रत्येक खोलीपुढे ‘भरलेली’, ‘साफ करावयाची’, ‘तयार’ वा ‘दुरुस्तीस’ अशी रोज नोंद करावी. स्वतः पाहिल्याखेरीज ‘तयार’ लिहू नये.

खोली रिकामी असली तरी तीत कीटकनाशकांचे डबे वा फवारणीचा पंप कदापि ठेवू नये. विषाचा अंश अंथरुणास लागल्यास लहान मुलांच्या जिवावर बेतू शकते. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी पहिल्या भेटीतच याची खात्री करून घ्यावी.