स्त्रियांची स्की

आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांनीं बर्फ पाहिला आहे तो सरबताच्या पेल्यांत. महाबळेश्वरास एखाद्या कडक हिंवाळ्यांत पहांटेचें दंव गवतावर गोठलेलें आढळतें, एवढेंच. परंतु वाटा, कुंपणें व झुडपें बुजून जावींत इतका बर्फ पाहावयाचा तर काश्मीरांत गुलमर्गास किंवा गढवालांत औलीस गेलें पाहिजे. तेथें लोक दोन्ही पायांस एकेक लांब पट्टी जोडून उतारावरून घसरत जातात. या पट्टीस स्की म्हणतात. मनालीकडील आंचल ठाकूर या तरुणीनें २०१८ सालीं तुर्कस्तानांतील एर्झुरुम येथें या खेळांत कांस्यपदक मिळविलें, तेव्हां आपल्याकडील पुष्कळांनीं हा शब्द प्रथमच वाचला असेल.

स्कीचे प्रकार अनेक आहेत. शर्यतीची निराळी, मऊ हिमांत जाण्याची निराळी, सपाटीवर चालण्याची निराळी. आम्ही येथें ज्या प्रकाराचा विचार करणार आहों त्यास ‘ऑल-माउंटन’ असें नांव आहे. म्हणजे डोंगराच्या कोणत्याही अंगावर, सकाळच्या टणक बर्फावर तसेंच दुपारच्या भुसभुशीत बर्फावर, एकाच जोडीनें काम भागावें अशी स्की. ही स्त्रियांसाठीं वेगळी करावी काय, आणि करावयाची तर तिच्यांत काय वेगळें असावें, हा प्रश्न वरवर पाहतां दुकानदारीचा वाटतो. पण त्यांत पदार्थविज्ञान आहे, आणि थोडासा न्यायही आहे.

प्रथम स्की बर्फांत रुतत कां नाहीं तें पाहूं. विद्यार्थ्यांनीं पाटी जवळ घ्यावी. साठ किलोग्रॅम वजनाची स्त्री नुसत्या बुटांनीं उभी राहिली, तर दोन्ही तळव्यांचें क्षेत्रफळ सुमारें ५०० चौरस सेंटिमीटर धरूं. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर १२० ग्रॅम भार पडतो आणि ती मऊ हिमांत खोल रुतते. आतां तिच्या पायांस १६५ सेंटिमीटर लांबीची व सरासरी साडेदहा सेंटिमीटर रुंदीची स्की जोडा. दोहोंचें क्षेत्रफळ सुमारें ३,४६५ चौरस सेंटिमीटर होतें, आणि भार १७ ग्रॅमांवर उतरतो. ऐंशी किलोग्रॅमच्या पुरुषानें तेवढ्याच रुंदीची पण १८० सेंटिमीटर लांबीची स्की घेतली तरी त्याचा भार २१ ग्रॅमांच्या आसपास राहतो. अर्थात् हलक्या मनुष्यास तरंगण्यासाठीं फार रुंद स्की लागत नाहीं. स्त्रियांच्या ऑल-माउंटन स्कीची कंबर, म्हणजे बुटाखालचा सर्वांत अरुंद भाग, बहुधा ८० ते १०० मिलिमीटरांच्या दरम्यान असते. अरुंद कंबरेची स्की एका कडेवरून दुसऱ्या कडेवर चटकन् कलते. रुंद कंबरेची मऊ हिमांत वर राहते. दोन्ही गुण एकाच स्कींत पुरेपूर मिळत नाहींत.

तरंगणें सोपें, वळणें अवघड. स्की वरून पाहिली तर टोंकाशीं व शेपटाशीं रुंद आणि मधें निमुळती दिसते. तिची कड म्हणजे एका मोठ्या वर्तुळाचा तुकडाच. स्की कलवून तिच्यावर भार टाकला म्हणजे ती धनुष्यासारखी वांकते आणि तिची पोलादी कड बर्फांत वळणाची वाट कोरीत जाते. कलण्याचा कोन जितका मोठा तितकें वळण आंखूड. कडेच्या वर्तुळाची त्रिज्या १५ मीटर असली आणि स्की टणक बर्फावर ६० अंशांनीं कलविली, तर वळणाची त्रिज्या सुमारें साडेसात मीटर येते. कारण ६० अंशांची कोज्या अर्धी आहे. त्रिकोणमिति कशासाठीं शिकावयाची, असें वरच्या वर्गांतील मुलें आम्हांस वारंवार विचारतात. त्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

पण हें सर्व स्की वांकली तर. समजा, ८० किलोग्रॅमच्या पुरुषासाठीं केलेली स्की ६० किलोग्रॅमच्या स्त्रीच्या पायीं आली. तिचा भार त्याच्या पाऊणपट. लांबी तीच ठेवून स्की तितकीच वांकावी अशी इच्छा असेल, तर तिचा ताठपणाही पाऊणपट केला पाहिजे. एकाच द्रव्याच्या पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणांत बदलतो; म्हणून घनमूळ काढून पाहिल्यास जाडी शेंकडा नऊच कमी करावी लागते. डोळ्यांस क्वचितच दिसेल असा हा फरक. तो न केला तर ताठ स्की आपला भार टोंकावर व शेपटावर टेकविते, आणि पायाखालची कड, जिच्यावर सारी भिस्त, ती बर्फास नीट धरीत नाहीं. पाय निसटतो. बाई पडते. आणि शिकविणारा म्हणतो, “धीटपणा कमी पडला!”

असा अन्याय आमच्याही हातून घडला आहे. वडिलांची बॅट घेऊन मैदानावर आलेल्या एका लहान मुलास फटका उशीरा मारल्याबद्दल आम्ही दोन दिवस रागें भरलों. तिसऱ्या दिवशीं ती बॅट सहज हातीं घेतली, तेव्हां तिचें वजन कळलें. असो.

स्त्रियांच्या स्कीचा पूर्वेतिहास फारसा गौरवाचा नाहीं. पूर्वी हात उंच करून मनगटापर्यंत पोंचेल एवढी स्की घ्यावी, असा पुष्कळांचा प्रघात होता. कारखाने पुरुषांच्या मापानें सांचे करीत; स्त्रियांसाठीं तीच स्की थोडी आंखूड व पुष्कळ मऊ करून वर नाजूक रंगाचीं फुलें काढीत. ‘आंखूड करा आणि गुलाबी रंगवा’ अशी या रीतीची थट्टा पुढें त्या धंद्यांतील लोकच करूं लागले. बापाच्या कोटाच्या बाह्या कापून तो मुलीच्या अंगांत चढविण्यासारखेंच हें झालें. अशी स्की सावकाश जाणाऱ्या नवशिकीस चाले. पण वेग वाढतांच तिचें टोंक फडफडे आणि टणक बर्फावर कड सुटे. त्यामुळें निष्णात स्त्रियांचा ‘स्त्रियांची स्की’ या नांवावरचाच विश्वास उडाला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंतील जीनी थोरेन या बाईंनीं या प्रश्नास निराळ्या बाजूनें हात घातला. त्या स्वतः स्की खेळणाऱ्या. स्त्रीच्या शरीराचा गुरुत्वमध्य पुरुषापेक्षां खालीं व मागें असतो. तेव्हां बुटास स्कीशीं जोडणारें बाइंडिंग थोडें पुढें सरकवावें, म्हणजे टोंकावर पुरेसा भार येऊन वळण सहज सुरू होईल, असें त्यांचें म्हणणें. निरनिराळ्या ठिकाणच्या उतारांवर जाऊन त्यांनीं स्त्रियांकडून हा प्रयोग करविला. त्यांचें मत सर्वांनीं जसेंच्या तसें स्वीकारलें असें नाहीं. पण दोष बाईंत नसून स्क्रूच्या जागेंत असूं शकतो, हें अनेकींना त्यामुळें प्रथम कळलें. शिक्षणसंस्थांत मुलींस मुलांबरोबरीची वागणूक द्यावी असा ‘टायटल नाइन’ नांवाचा कायदा अमेरिकेंत १९७२ सालीं झाला होता, आणि त्यानें खेळांचीं मैदानेंही मुलींस मोकळीं झालीं. पुढें के-टू या कारखान्यानें आपल्या स्त्रियांच्या स्कीमालिकेस ‘टी-नाइन’ हें नांव या कायद्यावरूनच दिलें.

१९९३ सालीं स्लोव्हेनियांतील एलान कारखान्यानें कंबर चांगलीच आंत घेतलेली स्की बाजारांत आणली. तिनें वळण इतकें सुलभ केलें कीं, पुढें सर्वांच्याच स्की आंखूड झाल्या.

आजच्या चांगल्या स्की आंतून बदलल्या आहेत, आणि खरी प्रगति हीच. ऑस्ट्रियांतील ब्लिझर्ड कारखान्याची ‘ब्लॅक पर्ल ८८’ ही स्की घ्या. ८८ हा कंबरेच्या मिलिमीटरांचा आंकडा. तिच्या गाभ्यांत जड व हलकें लांकूड यांची मांडणी प्रत्येक लांबीसाठीं निराळी केलेली असते, कारण आंखूड स्की घेणारी बहुधा वजनानेंही हलकी असते. नॉर्डिकाच्या ‘सांता आना’ मालिकेंत टिटॅनल या धातूचा पत्रा असतो. नांवावरून हा धातु टायटॅनियम वाटेल; वस्तुतः तो मुख्यत्वें ॲल्युमिनियमचा मिश्रधातु आहे. धातूच्या पत्र्यानें थरथर शमते व कडेची पकड वाढते, पण स्की जड व ताठ होते. म्हणून या मालिकेंतील अरुंद स्कींत, जिला टणक बर्फावर काम करावयाचें, पत्रा अधिक ठेवितात. रुंद स्कींत कमी. स्त्रियांच्या स्कींतून धातु सरसकट काढून टाकण्याची जुनी चाल आणि हा विचार यांत मोठें अंतर आहे.

तरीही ‘स्त्री’ हा शब्द मापाचा नव्हे. लिंडसे व्हॉन या अमेरिकन खेळाडूनें २०१० सालीं व्हँकूव्हर येथें उताराच्या शर्यतींत सुवर्णपदक मिळविलें, तें पुरुषांसाठीं केलेल्या स्कीवर. तिच्या शक्तीस ती स्की वांकत होती. उलट, पंचावन्न किलोग्रॅमच्या एखाद्या मुलास बहिणीची स्की अधिक शोभेल. तो ती घेणार नाहीं, हा भाग वेगळा. आमच्या मतें दुकानांत आधीं वजन, मग कौशल्य व वेग, आणि सर्वांत शेवटीं रंग पाहावा. टोंक धरून मधोमध दाबून पाहिल्यास स्कीचा ताठपणा थोडाफार कळतो. खरी परीक्षा मात्र भाड्यानें घेऊन सकाळच्या टणक बर्फावर व दुपारच्या विसकटलेल्या बर्फावर अशी दोनदां चालविल्यावांचून होत नाहीं.

राहिलें बाइंडिंग. पडतांना तें बूट सोडून देतें, म्हणून पाय वांचतो. गुडघ्याच्या आंतील अस्थिबंध तुटण्याची दुखापत या खेळांत पुरुषांपेक्षां स्त्रियांस अधिक होते, असें अनेक पाहण्यांत आढळलें आहे. बाइंडिंग किती घट्ट ठेवावयाचें हें ठरविण्यासाठीं दुकानांतील मनुष्य वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी व खेळण्याची पद्धत इतकें विचारतो. स्त्री कीं पुरुष हें त्या कोष्टकांत नाहीं. तेथें संकोचानें वजन कमी सांगितलें तर भर वेगांत बूट सुटतो; कौशल्य वाढवून सांगितलें तर पडतांना तो सुटत नाहीं, आणि लांब स्कीचा सगळा पीळ गुडघ्यावर येतो.