जर्मन भाषेतील स्थल आणि दिशा : मराठी विद्यार्थ्याची अडचण

जर्मन शिकू लागलेल्या मराठी भाषकास नामापूर्वी येणारी शब्दयोगी अव्यये प्रथमदर्शनी अवघड वाटत नाहीत. ‘इन’ म्हणजे आत, ‘आउफ’ म्हणजे वर, ‘उंटर’ म्हणजे खाली, अशी जुळणी तो सहज करतो. खरी अडचण येते ती विभक्ती निवडताना.

‘आन’, ‘आउफ’, ‘हिंटर’, ‘इन’, ‘नेबन’, ‘युबर’, ‘उंटर’, ‘फोर’ आणि ‘त्स्विशन’ ही नऊ अव्यये स्थलदिशेच्या अर्थी दोन विभक्तींशी येतात. गंतव्य सांगावयाचे असता द्वितीया, आधार सांगावयाचा असता चतुर्थी. ‘श्टाट’ म्हणजे शहर. शहरात जाणे असेल तेथे ‘इन डी श्टाट’, शहरात असणे असेल तेथे ‘इन डेअर श्टाट’. अव्यय तेच राहते. उपपदाचे रूप तेवढे पालटते.

मराठीत हा भेद नामाच्या रूपात उमटत नाही. ‘मुले शहरात राहतात’ आणि ‘मुले शहरात गेली’ या दोहोंत ‘शहरात’ हे एकच सप्तम्यंत रूप आहे. प्रश्नही एकच : ‘कोठे राहतात?’, ‘कोठे गेली?’ जर्मनमध्ये मात्र स्थलासाठी ‘वो’ आणि दिशेसाठी ‘वोहीन’ असे दोन प्रश्न आहेत. संस्कृत जाणणाऱ्यास ‘नगरे वसति’ आणि ‘नगरं गच्छति’ यांची आठवण उपयोगी पडेल.

परंतु ‘चतुर्थी’ या नावानेच घोटाळा होतो. ‘गावाला जातो’ यातील ‘ला’ हा प्रत्यय मराठी व्याकरणात द्वितीयेचा आणि चतुर्थीचाही मानला जातो; त्यामुळे दिशेसाठी चतुर्थी योजण्याकडे विद्यार्थ्याचा कल होतो आणि नियम नेमका उलटतो. याचा उलगडा इतिहासात आहे. जर्मानिक भाषांत प्राचीन सप्तमी चतुर्थीत विलीन झाली. म्हणून या नऊ अव्ययांपुरते जर्मन चतुर्थीस सप्तमीची वारस समजणे श्रेयस्कर.

‘गती असेल तेथे द्वितीया’ हे सूत्रही अपुरे आहे. ‘एअर लॉइफ्ट इम वाल्ट’ यात धावणे आहे, पण ते रानाच्या आतच चालते, म्हणून चतुर्थी. ‘एअर लॉइफ्ट इन डेन वाल्ट’ यात धावणारा बाहेरून रानात शिरतो; म्हणून द्वितीया. निर्णायक गोष्ट गती नव्हे, सीमा ओलांडणे होय. ‘तो रानात धावतो’ या मराठी वाक्यात दोन्ही अर्थ मावतात. म्हणून अनुवादकाने दुसऱ्या ठिकाणी ‘धावत रानात शिरतो’ असे स्पष्ट केले नाही, तर कथेतील पात्र कोठे आहे हेच वाचकास कळणार नाही.

काही क्रियापदे जोडीने येतात. ‘लेगन’ म्हणजे आडवे ठेवणे, ‘लीगन’ म्हणजे आडवे असणे. पुस्तक ‘आउफ डेन टिश’ ठेवले जाते आणि मग ‘आउफ डेम टिश’ असते. मराठीत दोन्हीकडे ‘टेबलावर’च.

‘नाख’ आणि ‘त्सू’ ही अव्यये या नियमाबाहेरची आहेत. ती दिशा दाखवूनही नेहमी चतुर्थीच घेतात. ‘नाख बेर्लीन’ म्हणजे बर्लिनला जाणे, ‘इन बेर्लीन’ म्हणजे तेथे असणे. ‘त्सुम आर्त्स्ट’ म्हणजे वैद्याकडे जाणे, ‘बाइम आर्त्स्ट’ म्हणजे त्याच्याकडे असणे. येथे भेद विभक्ती दाखवीत नाही, अव्यय दाखविते.

तात्पर्य, अव्ययांचे अर्थ पाठ करण्यापूर्वी ‘वो’ की ‘वोहीन’ हे ठरविण्याची सवय लागली पाहिजे. मराठीने एका ‘कोठे’त सामावलेले दोन प्रश्न वेगळे ओळखणे, हाच या अभ्यासाचा पहिला पाठ होय.