घराचे कागद आणि वाटाण्याचं रोप

चि. ओंकार यास,


वाईच्या घराचे कागद घेऊन तू पतसंस्थेत चौकशी करून आलास, हे मला कळलं, आणि तेही तुझ्याकडून नाही. खरं असेल तर मी रागावले आहे. खोटं असेल तरी पत्र शेवटपर्यंत वाच, कारण हा विचार आज ना उद्या तुझ्या मनात येणारच. सिनेमा करू नकोस असं मी म्हणत नाही, घर तारण ठेवून करू नकोस एवढंच म्हणते. कर्जखात्यात आयुष्य गेलेल्या बाईला दुसरं काय सुचणार, असं म्हणून हे पत्र बाजूला ठेवू नकोस. आधी हिशेब बघ. तुझा 50 लाखांचा अंदाज बरोबर आहे असं धरू. 14 टक्के दराने वर्षाला 7 लाख नुसतं व्याज. शूटिंग, एडिटिंग, साउंड, सेन्सॉर, मग महोत्सवांच्या उत्तरांची वाट, यात दोन वर्षं सहज जातात. तोवर चित्रपट एक रुपया मिळवत नाही आणि हप्ता मात्र लगेच सुरू होतो. तू म्हणशील, अनुदान आहे. राज्य सरकारच्या योजनेत ‘अ’ दर्जाच्या चित्रपटाला 40 लाख आणि ‘ब’ दर्जाला 30 लाख अशा रकमा आपण ऐकत आलो आहोत. पण चित्रपट पुरा करायचा, समितीने तो बघायचा, दर्जा द्यायचा, मग ती रक्कम. दर्जा मिळेल की नाही हे पैसे घालून बसल्यावर कळणार. अशा भरवशावर मी कधी कोणाचं कर्ज मंजूर केलं नसतं, आणि इथे तर तारण आहे ते आजी राहते ते घर.

यावर तू फाळक्यांचं नाव घेणार हे मला ठाऊक आहे. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते 1912 साली लंडनला गेले, पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गेले, आणि 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. आपल्याकडे ही गोष्ट दागिन्यांपाशी येऊन थांबते, कारण त्यागाचं आपल्याला फार कौतुक. पण कॅमेरा घेऊन परत आल्यावर त्यांनी केलेलं काम मला जास्त मोलाचं वाटतं. कुंडीत वाटाणा पेरून त्याचा कोंब कसा वाढतो हे त्यांनी टप्प्याटप्प्याने चित्रित केलं, मिनिटभराची फिल्म केली आणि पैसे देऊ शकतील अशा लोकांना ती दाखवली. ती बघून त्या लोकांकडून फाळक्यांना कर्जाऊ पैसा मिळाला. आज ज्याला तुम्ही पिचिंग म्हणता ते हेच. सत्यजित राय यांच्याबद्दलही हेच. ‘पथेर पांचाली’साठी त्यांनी विमा गहाण टाकला, पुस्तकं विकली, घरातले दागिने गेले, तरी पैसा संपला आणि काम थांबलं. तो चित्रपट 1955 साली पुरा झाला तो पश्चिम बंगाल सरकारच्या पैशावर, आणि तो पैसा मिळवताना हाताशी आधी चित्रित केलेला भाग होता. दोघांच्याही घरचं सोनं अपुरं पडलं. चित्रपट तगला तो दुसऱ्या कोणालातरी त्यात काही दिसलं म्हणून.

माझा मुद्दा एवढाच आहे. घरचा पैसा प्रश्न विचारत नाही. दुसऱ्याकडे मागायला गेलास की तो विचारतो: गोष्ट एका वाक्यात सांग, ती तूच का करायचीस, कोण बघेल, कथेचे हक्क लेखी घेतलेस का, पाऊस लागून चार दिवस वाया गेले तर पैसे कुठून आणशील? यांची उत्तरं शोधताना पटकथा सुधारते. तारणावर पैसा उभा केलास तर हे प्रश्न सुटत नाहीत, पुढे ढकलले जातात; मग ते सेटवर येतात, जनरेटरचं भाडं मीटरसारखं चढत असताना.

“नवख्याला विचारतं कोण?” हा तुझा दुसरा आक्षेप असेल. नागराज मंजुळे यांना आधी ‘पिस्तुल्या’ या लघुपटाने ओळख दिली, राष्ट्रीय पुरस्कार दिला, ‘फँड्री’ नंतर आला. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला पटकथेच्या टप्प्यावरच रॉटरडॅमच्या ह्यूबर्ट बाल्स फंडाची मदत झाली होती, आणि त्यात ना नावाजलेला नट, ना नाचगाणी, तरी 2014 साली व्हेनिसमध्ये त्याला पुरस्कार मिळाले. म्हणजे पैसेवाल्याच्या दारात गेलं की गोष्ट विकावीच लागते, हा तुझा तिसरा आक्षेपही सरसकट खरा नाही. दार कोणतं निवडतोस यावर ते आहे. रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ 2025 साली सनडान्सला जिंकला, त्याआधी तो व्हेनिसच्या बिएनाले कॉलेजमधून गेला होता. एनएफडीसी 2007 पासून गोव्यात इफ्फी महोत्सवाच्या जोडीने फिल्म बाजार भरवते. तिथे पटकथेची लॅब आहे, सहनिर्मितीसाठी भेटी ठरतात, अर्धवट झालेला चित्रपट जाणकारांना दाखवता येतो. शिवाय ‘श्वास’ चित्रपटाचं उदाहरण आहेच: काही मित्रांनी मिळून पैसे घातले, एकट्याच्या छातीवर ओझं आलं नाही. परेश मोकाशी यांनी ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’साठी मालमत्ता गहाण ठेवल्याचं सांगतात, ते मी नाकारत नाही. पण त्यांच्या पाठीशी रंगभूमीचा मोठा अनुभव होता. आणि ज्यांचं घर गेलं आणि चित्रपट डब्यातच राहिला, त्यांच्या मुलाखती कोणी छापत नाही. फक्त तरलेल्यांकडे बघून नदीची खोली ठरवायची नसते.

शिकायचंच असेल तर एका लहान चित्रपटाच्या पुऱ्या शेड्यूलभर प्रॉडक्शन मॅनेजरच्या हाताखाली राहा. कॉलशीट कशी निघते, रेकीत न दिसलेला खर्च शूटिंगला कसा उगवतो, जेवण उशिरा आलं की दुपारचे किती शॉट जातात, हे तिथेच कळेल. बजेटमध्ये निदान दहा टक्के अडचणीसाठी वेगळे ठेव, आणि प्रदर्शनाचा खर्च पहिल्याच दिवशी लिही. पोस्टर, प्रसिद्धी, थिएटर यांचा विचार बहुतेक जण पैसे संपल्यावर करतात. मित्रांना फुकट राबवून बजेट कमी दाखवू नकोस, ते कर्जच असतं, फक्त वहीत दिसत नाही. आणि दहा-बारा मिनिटांचा लघुपट आधी कर. फाळक्यांचं वाटाण्याचं रोप तेवढ्यासाठीच सांगितलं.

फार बोलले. तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नाही. तुझ्या वयात मला लिहायचं होतं, आणि ते कोणापुढे नेऊन ठेवायचा धीर मला झाला नाही. ती हळहळ अजून आहे. तू घाबरत नाहीस याचा मला आनंदच होतो, म्हणून तर तुझी पहिली उडी आजीच्या छपरावरून नको वाटते. एकदा नकार आला तर खचू नकोस, चार वेळा आला तरी इकडे ये. आईला मी समजावते, पतसंस्थेचं तिला अजून काही बोललेले नाही. तू फक्त कागद होते तिथे परत ठेव, आणि पटकथेचा खर्डा आणि बजेटची शीट मला पाठव. पटकथेतलं मला किती कळेल माहीत नाही, पण आकडे मी एकेक तपासून देईन, आणि लघुपटासाठी जे लागेल त्यातला थोडा भाग माझा धर. तो परत करायचा नाही.

फोनवर आवाज बारीक येतो तुझा. वेळेवर जेवत जा.

तुझी,
आत्या